ग्रँट आडनावाची कुळकथा

मराठ्यांच्या इतिहासाची गोष्ट निघाली की ग्रँट डफ हे नाव कोठे ना कोठे येतेच. मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला ग्रँट रोड स्टेशन ठाऊक असते, आणि ज्याच्या घरात कोणी डॉक्टरी शिकले असेल त्याला १८४५ साली सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेजही ठाऊक असते. यांतला ग्रँट डफ हा पेशवाईच्या अखेरीनंतर साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून राहिला आणि पुढे मराठ्यांचा इतिहास लिहून गेला. रस्ता आणि कॉलेज ही ज्यांच्या नावाची, ते सर रॉबर्ट ग्रँट १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. दोघेही स्कॉटिश घराण्यांतले आणि दोघेही ग्रँट. मग हे एकमेकांचे भाऊबंद होते काय?

एखाद्या चौकस मुलाने वर्गात असा प्रश्न विचारला तर शिक्षकाने काय सांगावे? आडनाव एक म्हणजे कुळ एक, असे उत्तर चटकन तोंडावर येते. परंतु खुद्द स्कॉटलंडात या आडनावाबद्दल फार जुना वाद आहे. ग्रँट मूळचे कोण, कोठून आले, त्यांचे सोयरे कोण आणि सगे कोण, याविषयी तीन-तीन कथा सांगितल्या जातात. त्या कथा नुसत्या ऐकून सोडून देण्यासारख्या नाहीत. कुळकथा कशी तयार होते आणि ती कशी पारखावी, हे या एका आडनावावरून चांगले समजते. म्हणून आज आपण त्याचा थोडा मागोवा घेऊ.

आधी जागा पाहू. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखाला हायलँड म्हणतात. तेथे स्पे नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्याला स्ट्रॅथस्पे म्हणतात, आणि हाच ग्रँटांचा मुख्य प्रदेश. या डोंगराळ मुलखाची जुनी भाषा गेलिक. तिच्यात ‘क्लान’ या शब्दाचा अर्थ लेकरे असा आहे. त्यावरून एका पुढाऱ्याला बापाच्या जागी मानणाऱ्या सगळ्या मंडळींना क्लॅन म्हणू लागले. पुढाऱ्याने जमीन कसायला द्यायची, अडीअडचणीला पाठीशी उभे राहायचे. लोकांनी खंड भरायचा आणि हाक आली की तलवार घेऊन हजर व्हायचे. असा हा रोकडा व्यवहार होता, पण बोलण्यात त्याला नात्याचे नाव होते. दुसरी गोष्ट अशी की, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा, मॅकडोनल्ड म्हणजे डोनल्डचा मुलगा. ग्रँट या नावाच्या मागे मात्र मॅक नाही. ही खूण ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग होईल.

आता पहिली कथा. ही सर्वांत मानाची. नवव्या शतकात स्कॉटलंडात केनेथ मॅक अल्पिन नावाचा राजा होऊन गेला. तो ८५८ साली वारला. त्याच्या बापाचे नाव अल्पिन. या अल्पिनाच्या वंशातून सात कुळे निघाली असे सांगतात: मॅकग्रेगर, ग्रँट, मॅकिनन, मॅकक्वॉरी, मॅकनॅब, मॅकफी आणि मॅकऑले. या सातांना मिळून ‘शील अल्पिन’, म्हणजे अल्पिनाचे बीज, असे म्हणतात. या कथेप्रमाणे ग्रँट हे मॅकग्रेगरांचे सख्खे भाऊबंद ठरतात. विल्यम स्कीन नावाच्या संशोधकाने १८३७ साली हायलँडच्या लोकांवर ग्रंथ लिहिला, त्यात या सात कुळांचा गट मांडला, आणि तेथून ही गोष्ट छापील पुस्तकांत सर्वत्र पसरली. पुरावा म्हणून सांगतात की, देवदाराच्या जातीच्या एका झाडाची डहाळी टोपीत खोवण्याची चाल ग्रँटांत आहे आणि मॅकग्रेगरांतही आहे. मॅकग्रेगरांचे ब्रीदवाक्यच मुळी ‘माझे कुळ राजवंशी’ अशा अर्थाचे आहे. भाऊ राजवंशी, तर आपणही राजवंशी! असा मान कोण सोडील?

या कथेला जोडून नावाची फोडही गेलिक भाषेतून करतात. कोणी म्हणतो, ‘ग्रांदा’ म्हणजे कुरूप, उग्र. ग्रेगर नावाचा उग्र चेहऱ्याचा एक पूर्वज होता, त्याच्यावरून ग्रँट. दुसरा म्हणतो, ‘ग्रियन’ म्हणजे सूर्य. सूर्याच्या माळरानावर राहिले ते ग्रँट. एकाच्या मते पूर्वज कुरूप आणि दुसऱ्याच्या मते तो सूर्याच्या माळावरचा! शब्दाचा नुसता आवाज जुळवला की वाटेल ते मूळ काढता येते, हे यावरून दिसते.

दुसरी कथा कागदावर उभी आहे. इंग्लंडवर १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातून स्वारी झाली. त्या नॉर्मन सरदारांची भाषा फ्रेंच होती, आणि त्यांच्यापैकी कित्येक घराणी पुढे स्कॉटलंडात जाऊन जमिनी मिळवून राहिली. इंग्लंडात नॉटिंगहॅम परगण्यात ‘ल ग्रँट’ नावाचे एक घराणे होते आणि त्याची सोयरीक बिसेट नावाच्या घराण्याशी होती. बिसेट हे स्कॉटलंडातही वजनदार जमीनदार होते. १२४२ साली त्यांना एका खुनाच्या आरोपावरून देशाबाहेर जावे लागले. आणि स्कॉटलंडात ग्रँट हे नाव पहिल्यांदा सापडते ते १२५८ साली, मरेच्या बिशपच्या एका दस्तऐवजावर साक्षीदार म्हणून. त्यानंतर लवकरच सर लॉरेन्स ल ग्रँट हा इन्व्हरनेसचा शेरीफ, म्हणजे राजाचा मोठा अंमलदार, झालेला दिसतो. घराण्याच्या हातात प्रथम आलेली जमीनही जुन्या बिसेटांच्या मुलखाला लागूनच होती. तेव्हा सोयऱ्यांच्या आधाराने हे लोक उत्तरेत आले असावेत, असा तर्क निघतो.

आता ती खूण आठवा. नावामागे मॅक नाही, आणि जुन्या कागदांत नावाआधी ‘ल’ आहे. ‘ल’ हा फ्रेंच भाषेतला छोटासा शब्द विशेषणाच्या आधी येतो. ‘ल ग्रँ’ म्हणजे मोठा, थोर, थोराड. म्हणजे हे मुळात टोपणनाव. अंगाने दांडगा म्हणून असेल, किंवा दोन भावांतला थोरला म्हणूनही असेल. गेलिक नाव असते तर त्याच्यामागे हा फ्रेंच ‘ल’ कशाला आला असता? स्कॉटिश आडनावांचा मोठा कोश जॉर्ज ब्लॅक यांनी १९४६ साली प्रसिद्ध केला. त्यांनीही हे नाव फ्रेंचच धरले आहे. दोन-तीन अक्षरांची गोष्ट, पण शंभर पोवाड्यांपेक्षा ती जास्त बोलते.

तिसरी कथा घराण्यातल्या काही जुन्या लिखाणांत येते. तिच्याप्रमाणे मूळ पुरुष नॉर्वेकडून समुद्रमार्गे आलेला वीर. उत्तर स्कॉटलंडात नॉर्वेच्या लोकांची वस्ती होती, त्यामुळे हे अशक्य म्हणता येत नाही. पण अशक्य नाही म्हणजे खरे आहे, असे थोडेच होते?

या तिन्ही कथा तराजूत घालू. अल्पिनपुत्र केनेथ वारला ८५८ साली, आणि ग्रँटांचे नाव कागदावर आले १२५८ साली. मध्ये बरोबर चारशे वर्षे! त्या चारशे वर्षांत राजाच्या घरापासून स्पेच्या खोऱ्यापर्यंत पोचणारी, त्या काळची लेखी साखळी नाही. सर विल्यम फ्रेझर यांनी घराण्याची दप्तरे पाहून १८८३ साली ग्रँट पुढाऱ्यांचा तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. तोही भरीवपणे बोलू लागतो तो तेराव्या शतकापासूनच. म्हणून पुराव्याच्या बाजूने पाहिले तर फ्रेंच मुळाचे पारडे जड आहे, असे म्हणावे लागते.

मग अल्पिनाची कथा लबाडीची म्हणून टाकून द्यायची का? इथेच खरी गंमत आहे. ती कथा का सांगितली गेली, हे पाहिले म्हणजे तिची किंमत कळते.

१५९१ साली मॅकग्रेगरांचा पुढारी आणि मॅकऑलेंचा पुढारी यांनी एक करार लिहिला. १६७१ साली मॅकग्रेगर आणि मॅकिनन यांनी तसाच करार केला. आपण एकाच मुळाचे, पूर्वी दोघे भाऊ होते, त्यांची आपण लेकरे, तेव्हा एकमेकांना साहाय्य करू, असा त्यांचा आशय. म्हणजे नात्याचा हा लेख वंशावळ लिहिणाऱ्या भाटाने घातलेला नाही. संकटात सापडलेल्या माणसांनी तहाच्या कलमात घातला आहे. आणि संकटही साधे नव्हते.

फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रून येथे मॅकग्रेगरांनी कोलहून नावाच्या कुळाची मोठी कत्तल केली. राजाच्या मंडळाने ३ एप्रिल १६०३ रोजी हुकूम काढला की मॅकग्रेगर हे नावच कोणी लावू नये. नाव न सोडणाराला देहान्ताची शिक्षा. १६०४ च्या जानेवारीत त्यांचा पुढारी अलास्टर याला एडिंबरोत फाशी दिले. ही बंदी १६६१ साली उठली, १६९३ साली पुन्हा बसली आणि कायमची उठली ती १७७४ साली. बापाचे नाव सांगितले तर मरण, अशी वेळ आलेल्या माणसाने काय करावे? ते लोक कँबेल झाले, ड्रमंड झाले, मरे झाले, आणि कित्येक ग्रँटही झाले. प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर हाही आईकडचे कँबेल नाव लावीत असे. स्ट्रॅथस्पेच्या ग्रँटांनी आपल्या मुलखात मॅकग्रेगरांना आसरा दिला, आणि त्याबद्दल सरकारला दंडही भरला.

आता सांगा, ज्याला घरात घेतले, ज्याला आपले आडनाव दिले, तो भाऊ आहे असे म्हटल्याशिवाय कसे चालेल? ‘आपण एकाच अल्पिनाचे’ हे वाक्य त्या घरात रोजच्या उपयोगाचे होते. अशीही परंपरा सांगतात की, अठराव्या शतकाच्या आरंभी दोन्ही कुळांचे प्रमुख ब्लेअर अॅथल येथे जमले. दोघांनी मिळून एकच नाव घ्यावे, असा विचार चौदा दिवस चालला. नावावर एकमत होत आले, पण एकत्र कुळाचा पुढारी कोणी व्हायचे यावर बोलणे फिसकटले. बंधुप्रेम खूप, पण पाटीलकी कोणाची, हा प्रश्न आला की सगळीकडे असेच होते!

खुद्द ग्रँटांच्या कुळातही सगळे एका रक्ताचे नव्हते. सर वॉल्टर स्कॉट यांनी आपल्या नातवासाठी स्कॉटलंडच्या इतिहासाच्या गोष्टी लिहिल्या, त्यांत एक कथा आहे. हंटलीचा अर्ल आणि ग्रँटांचा पुढारी यांनी सूड म्हणून डी नदीचे खोरे दोन्ही तोंडांनी घेरून उजाड केले. पुष्कळ मुले पोरकी झाली. ती अर्लने आपल्या गढीत नेली. पुढे ग्रँटांचा पुढारी त्याच्याकडे पाहुणा गेला. जेवण झाल्यावर उरलेसुरले अन्न एका लाकडी डोणीत ओतले, शिट्टी वाजवली, आणि ती उघडीनागडी मुले जनावरांसारखी डोणीवर तुटून पडली. पाहुण्याने ते पाहिले. ज्यांच्या बापांना आपण मारले त्यांचीच ही लेकरे, हे त्याच्या मनाला लागले. त्याने ती मुले मागून घेतली, आपल्या लोकांच्या घरोघरी वाटून दिली आणि त्यांना ग्रँट हे नाव लावायला सांगितले. त्यांच्या वंशाला पुढे पुष्कळ दिवस ‘डोणीचे कूळ’ म्हणत. ही लोककथा आहे, दस्तऐवज नव्हे. पण कुळात माणसे कशी येत, हे ती बरोबर सांगते. कोणी पोरका म्हणून आला, कोणी फरारी म्हणून, आणि पुष्कळजण तर नुसती जमीन कसायला मिळाली म्हणून पुढाऱ्याचे आडनाव लावू लागले.

पुढाऱ्याचा पसाराही वाढत गेला. १५०९ साली स्ट्रॅथस्पेच्या पश्चिमेकडचे अर्कर्टचे खोरे आणि ग्लेनमॉरिस्टन हे मुलूख ग्रँटांना राजाकडून मिळाले. १६९४ साली त्यांच्या जहागिरीला ‘ग्रँट’ हेच नाव सरकारी सनदेने मिळाले, आणि त्यांच्या फ्रूखी गढीला कॅसल ग्रँट म्हणू लागले. म्हणजे ज्या आडनावाचा आरंभ एका माणसाच्या टोपणनावात झाला, ते शेवटी जमिनीला आणि किल्ल्यालाही लागले. १७६५ साली त्यांनी वसवलेले ग्रँटटाउन हे गाव आजही स्पेच्या काठी आहे.

मग आला १७४६ चा काळ. स्कॉटलंडच्या जुन्या राजघराण्यातील चार्ल्स एडवर्ड याने गादीसाठी बंड केले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या मैदानावर त्याचा पाडाव झाला. ग्रँटांचे मुख्य घराणे सरकारच्या बाजूचे. पण ग्लेनमॉरिस्टन आणि अर्कर्टकडचे पुष्कळ ग्रँट राजपुत्राकडून लढले. एकाच आडनावाचे लोक दोन्हीकडे! लढाईनंतर मुख्य पुढाऱ्याचा मुलगा लुडोविक ग्रँट याने त्या बंडखोरांना शस्त्रे खाली ठेवायला सांगितले. त्याच्या शब्दावर ऐंशीहून अधिक माणसे मे महिन्यात इन्व्हरनेसला येऊन स्वाधीन झाली. त्यांना घरी जाऊ दिले नाही. जहाजात घालून दक्षिणेस नेले, आणि जी जगली त्यांपैकी बहुतेकांना समुद्रापलीकडे बार्बाडोस बेटावर हद्दपार केले. लुडोविकने त्यांना जाणून फसवले की सरकारने त्याचाही शब्द मोडला, यावर तेथे आजवर वाद आहे. पुढारी म्हणजे बाप, या विश्वासावर ती माणसे डोंगर उतरून आली होती. नात्याच्या भाषेत किती बळ असते आणि किती धोका असतो, हे त्या दिवशी इन्व्हरनेसच्या रस्त्यावर दिसले.

आता आपल्या ओळखीच्या ग्रँटांकडे येऊ. त्याच कलोडनच्या दिवशी अलेक्झांडर ग्रँट नावाचा एकजण राजपुत्राच्या बाजूने लढताना जखमी झाला, आणि त्याच दिवशी त्याला मुलगा झाला. त्याचे नाव चार्ल्स. अर्कर्टच्या खोऱ्यातल्या शूग्ली शाखेचे हे घराणे. हरलेल्या बंडखोराचा हा मुलगा हिंदुस्थानात आला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. सर रॉबर्ट ग्रँट हे त्याचेच चिरंजीव. ते १८३८ साली पुण्याजवळ दापोडीस वारले.

साताऱ्याचा जेम्स ग्रँट हा १७८९ साली बँफ येथे जन्मला. साताऱ्यास होता तेव्हा तो नुसता कॅप्टन ग्रँट होता. १८२५ साली आईकडची ईडनची जहागीर त्याच्याकडे आली, आणि तिच्याबरोबर डफ हे नावही आले. १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास लंडनला प्रसिद्ध झाला तो ग्रँट डफ या जोडनावाने. म्हणजे आपण ज्याला त्याचे नाव समजतो, त्यातले अर्धे त्याला साताऱ्यात असताना मिळालेलेच नव्हते! शिवाय त्याने आपल्या मुलाचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ असे ठेवले, आपल्या वरिष्ठाच्या सन्मानार्थ. हा मुलगा १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. इतकी स्कॉटिश आडनावे एका माणसाच्या नावात आली. त्यांतले कोणते रक्ताचे, कोणते जमिनीचे आणि कोणते निव्वळ आदराचे, हे नाव वाचून कळत नाही. कागद पाहावा लागतो.

तेव्हा डफ आणि गव्हर्नर हे भाऊबंद होते काय, या प्रश्नाला शिक्षकाने असे उत्तर द्यावे: कुळाच्या रिवाजाने दोघेही एकाच पुढाऱ्याचे ग्रँट, पण घराणी वेगळी, मुलूख वेगळा, आणि आडनावावरून रक्त सिद्ध होत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचेही असेच. त्यांचा पूर्वज मॅथ्यू ग्रँट १६३० साली इंग्लंडातून मॅसॅच्युसेट्सला गेला. ‘थोर’ या अर्थाचे फ्रेंच टोपणनाव इंग्लंडात किती जणांना पडले असेल कोणास ठाऊक! आजकाल पितृवंशाची डीएनए चाचणी करता येते. दोन पुरुषांचा पूर्वज एक होता की नाही, याचा अंदाज तिने येतो. पण त्या पूर्वजाला लोक कोणत्या नावाने हाक मारीत, आणि डोणीवरच्या पोराला कोणी घरात घेतले, हे ती सांगणार नाही.

शेवटी आपल्या घरची एक आठवण. ग्रँट डफच्या इतिहासाचे मराठी भाषांतर झाले, आणि त्याची बखर शाळाशाळांतून वाचली जाऊ लागली. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने पुण्यात निबंध वाचून तिच्यातील चुका दाखवल्या. साहेबाने छापले म्हणून ते खरे, असे त्याने मानले नाही. कागदास कागद लावून पाहण्याची जी शिस्त आपल्या इतिहास-संशोधकांनी पुढे वाढवली, तिची ती पहिली पावले. ग्रँटाच्या ग्रंथाला लावली तीच कसोटी ग्रँटांच्या कुळकथेला लावावी, आणि आपल्या गावच्या कुळकथेलाही.

शाळेत मुलांना आपापल्या आडनावाची गोष्ट घरून विचारून आणायला सांगा, आणि तीनच प्रश्न लिहून द्या. हे नाव सर्वांत जुन्या कोणत्या कागदावर आहे? ही गोष्ट प्रथम कोणी, कधी आणि कोणत्या गरजेने सांगितली? आणि या नावाखाली बाहेरचे कोण कोण येऊन मिळाले? घरातली म्हातारी माणसे तिसऱ्या प्रश्नाला थोडी घुटमळतील. मुलांनी घाई करू नये. त्यांच्याजवळ बसून राहावे, आणि जे सांगतील ते तारीख घालून वहीत उतरून घ्यावे.